पणजीची पोटनिवडणूक, फॉर्म ६ आणि आमचे घरमालक

आपल्या आमदाराने राजीनामा दिल्याची बातमी वाचली की त्याच आठवड्यात मतदार यादीत आपलं नाव कुठे आहे ते बघा. पोटनिवडणुकीची तारीख जाहीर होण्याची वाट बघू नका. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादीत नवीन नाव चढत नाही. शिवाय अर्ज दिल्यावर हरकतींसाठी सात दिवस जातात, बीएलओची, म्हणजे घरी येऊन पडताळणी करणाऱ्या मतदान केंद्र अधिकाऱ्याची, फेरी वेगळीच.

१० मे २०१७ ला सिद्धार्थ कुंकळ्येकरांनी पणजीच्या आमदारकीचा राजीनामा दिला. मनोहर पर्रीकर दिल्लीहून परत येऊन मार्चमध्ये मुख्यमंत्री झाले होते आणि सहा महिन्यांत आमदार होणं त्यांना भागच होतं. म्हणजे मतदान पावसातच होणार हे दिसत होतं. आम्ही नुकतेच म्हापशाहून पणजीतल्या मळ्याला भाड्याच्या घरात आलो होतो. मतदारसंघच बदलला, म्हणून २०२२ पूर्वीच्या नियमाप्रमाणे फॉर्म ६, म्हणजे यादीत नाव नोंदवण्याचा अर्ज. त्यात जुना पत्ता आणि जुन्या ओळखपत्राचा नंबर लिहायचा. त्याच मतदारसंघात घर बदललं असतं तर तेव्हा फॉर्म ८-अ चालला असता.

फॉर्म तासाभरात भरून झाला. अडलं पत्त्याच्या पुराव्यावर. वीजबिल मालकांच्या नावावर, गॅस अजून म्हापशाच्या पत्त्यावर, आणि भाडेकरार तोंडी. मालकांकडे गेले. "काका, दोन ओळी लिहून सही द्या, एवढंच." त्यांनी चहा दिला, माझ्या सासूबाईंची चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "हांव कागद दिवचो ना." म्हणजे कागद देणार नाही. या पत्त्यावर नाव लागलं की उद्या आम्ही घरावर हक्क सांगू, अशी त्यांची भीती. मतदार यादीतलं नाव म्हणजे मालकी हक्क नव्हे, हे मी परोपरीने सांगितलं. मग त्यांचा मुलगा पुण्याहून येणार होता, त्याला विचारतो म्हणाले. मुलगा आला आणि गेला. मग त्यांचे वकील. जून गेला, जुलै निम्मा सरला, रोजच्या पेपरात पोटनिवडणुकीच्या बातम्या, आणि माझा फॉर्म कपाटात. भाडं एक तारखेला वेळेवर घ्यायचं आणि भाडेकरूने इथे राहतो एवढं सांगायला कागद मागितला की टाळायचं, याचा मला अजूनही राग येतो. ते आमच्यावर उपकार करत नव्हते. आम्ही त्या घरात राहत होतो, ही साधी खरी गोष्ट होती.

वाट निघाली ती फॉर्मसोबतच्या सूचनांतून. त्या नीट वाचा, कुणी वाचत नाही. आपल्या नावाने त्या पत्त्यावर टपालाने आलेलं पत्रही तेव्हा पुरावा म्हणून चालायचं, तसं तिथे छापलेलं होतं. एलआयसीच्या हप्त्याची नोटीस मळ्याच्या पत्त्यावर आली होती. पाकीट पावसाने भिजून फुगलेलं, पण शिक्क्यावरची तारीख वाचता येत होती. तेच जोडलं. अर्ज घेण्याच्या खिडकीवर आधी भाडेकरारच मागितला; सूचनेवर बोट ठेवून दाखवल्यावर घेतलं. पोचपावती मात्र मागून घ्या.

बीएलओबाई येऊन गेल्या, शेजारणीलाही विचारलं, काही त्रास नाही.

मूळ यादीत नाव सापडलं नाही तर घाबरू नका, उशिरा चढलेली नावं पुरवणी यादीत असतात. माझं तिथेच सापडलं. म्हापशाच्या जुन्या यादीतलं नाव वगळलं की नाही तेही तपासा.

मतदान २३ ऑगस्टला झालं, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर. बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीच्या, सामानाची झुंबड, मी सकाळीच मत देऊन मग नारळ-सुपाऱ्या आणायला गेले. त्याच दिवशी वाळपईतही पोटनिवडणूक होती, विश्वजित राणेंच्या राजीनाम्यामुळे. २८ तारखेला निकाल लागला. पर्रीकर ४,८०३ मतांनी निवडून आले. मी कुणाला मत दिलं ते सांगत नाही, पण त्या मोजणीत माझं मत होतं याचा मला अभिमान आहे.

आता कुठेही घर घेताना मी आगाऊ रक्कम देण्याआधीच लेखी करार मागते.