ओल्या पुडीला हातोडी नाही

तिऱ्ह्याला सीना ओलांडली तेव्हा भुरभुर होती आणि कामती यायच्या आत चटका बसावा असं ऊन. पखवाजाला याच्यापेक्षा वाईट हवा नाही. त्यात आमच्या दिंडीची एक जुनी खोड: पाऊस दिसला की पखवाज प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि तोंड करकचून बांधायचं. दरवर्षी सांगतो. आतली दमट हवा आतच कोंडते, पुडीला, म्हणजे तोंडावरच्या कातड्याला, घाम सुटतो, दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. जुनं सुती धोतर गुंडाळा, वरून वाटल्यास ताडपत्री टाका, आणि ट्रॉलीच्या लोखंडाला टेकवू नका. टेकवलेला होताच. रात्रभर घासून घासून वादी, दोन्ही पुड्या ताणून धरणारी चामड्याची पट्टी, एका जागी झिजली आणि ऐन पावलीत तुटली.

दुपारच्या विसाव्याला भाकरी-शेंगाचटणी झाली आणि मंडळी आडवी झाली. मी लिंबाखाली आरी, पकड आणि हातोडी मांडून बसलो. वार कोणता होता ते आठवत नाही. डाव्या तळपायाला रुपयाएवढा फोड आला होता, त्यात ओवलेला दोराच आता टोचत होता. तोंडात माउलींचं नाव होतं आणि ज्यानं पिशवी बांधली त्याचंही होतं.

टँकरवर पाणी प्यायला आलेले, दुसऱ्या दिंडीतले एक पांढऱ्या दाढीचे माउली समोर येऊन उकिडवे बसले. पुडीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "ओली आहे. हातोडी ठेवा खाली."

राग आला. हे काम मी रोज करतो. पण चूक माझीच होती. दोनला चाल निघायची म्हणून घाई चालली होती. कातडी ओलावली की सैल पडते, सूर उतरतो. तेव्हा वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून सूर चढवला की काम झाल्यासारखं वाटतं. मग ऊन लागतं, कातडी आवळते, ताण आधीच वाढवून ठेवलेला असतो, आणि पुडी गजऱ्यालगत, म्हणजे काठाच्या विणलेल्या कड्यालगत, फाटते. पुडीवरच्या काळ्या शाईचंही तेच. लोखंडाची भुकटी आणि खळ यांचे थर दगडानं घोटून बसवलेले असतात, ओले असताना हादरले की खपली निघते. उन्हात वाळवली तर तडा जातो, चुलीजवळ नेली तर विचारूच नका. सावलीत, वारा लागेल असं ठेवायचं आणि थांबायचं. वारीत थांबणंच जड जातं.

तोवर वादी घेतली. नवा तुकडा बादलीत अर्धा तास भिजत घातला, कोरडी वादी ओढली की कडकते. आठही गट्टे एकेक करून सरकवून काढले. तुटल्या जागेची झिजलेली दोन बोटं कापून टाकली, नाहीतर जोड पुन्हा तिथेच सुटतो. दोन्ही टोकांना आरीनं उभी चीर दिली, एकीत दुसरी ओवली आणि शेपूट ओढून घेतलं. गाठ मारायची नाही. गाठ गट्ट्याखाली उंचवटा करते आणि ताण एका घरावर, म्हणजे गजऱ्यात वादी ओवायच्या एकाच जागेवर, येतो.

आता ओढायला दुसरा माणूस हवा. तो आमच्यातला कुणी उठला नाही. माउलींनी पखवाजाचं खोड दोन्ही पायांत धरलं. हाताला उपरणं गुंडाळलं, आधी उजव्या हाताच्या बोटांना, नीट, एकेक पेर झाकत. तेव्हाच समजायला हवं होतं. सोळाही घरांतून वादी आवळत आणली, शेवटी दोघांनाही धाप लागली. माझ्या पायाकडे बघून त्यांनी आपल्या पिशवीतले कोरडे मोजे काढून दिले. दोरा काढून टाका म्हणाले.

सव्वा तासानं पुडी बोटाला कोरडी लागली. गट्टे बसवून थोडे धुमाकडे, म्हणजे डाव्या तोंडाकडे, सरकवले. मग गजऱ्यावर हलक्या टिचक्या, समोरासमोरच्या घरांवर, गोल फिरत नाही. एकाच बाजूनं ठोकत गेलं की शाई मधोमध असूनही सूर फाटका येतो.

धुमावर लावायची कणीक आमच्या आचाऱ्याकडून आली ती तेल-मीठ घालून मळलेली. तेलकट कणीक पुडीला धरत नाही, चार हातांत लोंबते. माउलींनी कोरडं पीठ मागवलं, मूठभर. नुसत्या पाण्यानं मळलं, चपातीपेक्षा सैल. पुडी ओल्या बोटानं पुसून मधोमध पुरीएवढा थर दिला, कडेला पातळ. डावा हात मारला. वर होता, म्हणून आणखी सुपारीएवढी कणीक चढवली. कणीक वाढली की आवाज खाली जातो. धुम उजव्या बाजूच्या षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली आला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि एकच "धा" मारला.

तो "धा" मी ओळखतो. हाताखाली शिकत होतो तेव्हा पट्टी गुंडाळली जाईपर्यंत ज्यांची कॅसेट लावली, त्यांचाच डावा हात. आघात संपल्यावर मनगट कणकेवर किंचित सरकतं आणि नाद वाकून खाली उतरतो. कॅसेटवरच्या फोटोत दाढी काळी होती. नाव लिहीत नाही, दिंडीत ते नुसतेच माउली होते. मी त्यांना पाय ओढून धरा म्हणालो होतो, जरा जोर लावा म्हणालो होतो.

विचारलं, "महाराज, आपण..."

"वीणा उभा राहिला, चला," म्हणाले, पिठाचे हात धोतराला पुसले, आणि निघालेसुद्धा.

बेगमपूरचा पूल, माचणूर, मंगळवेढ्यात दामाजीपंत आणि चोखोबा, सगळं झालं. पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं, रांगेला उभं राहायची ताकद नव्हती.

माचणूरला रात्री हरिपाठ झाल्यावर पखवाज उघडला. उन्हात दोनदा पाणी शिंपडूनही कणीक कडेनं उलली होती. मधोमध मात्र तळव्याच्या टाचेचा खोलगट ठसा होता. तो त्यांचा नव्हता, आमचं पोरगं दुपारभर वाजवत होतं. तरी मी बराच वेळ बॅटरी धरून बसलो. कणीक रात्रभर ठेवली तर पुडी कडक होते, वर उंदीर येतात. बोथट सुरीनं खरवडली, ओल्या फडक्यानं पुसली, पखवाज धोतरात गुंडाळून उशाशी घेतला. पिशवी शोधत आलेल्याला झोप म्हणालो.