पाठीचा डबा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटपासून कोपऱ्यावरचं दुकान शंभर पावलांवर. दहा वर्षांच्या लेकाला दही आणायला पाठवलं, तरी मी गॅलरीत. तो वळणाआड गेला की तव्यावरची भाकरी करपायला मोकळी. हाच मुलगा मे महिन्यात चिखलीला, माझ्या सासरी, चहा-बटर खाऊन जो बाहेर पडतो तो भूक लागेपर्यंत दिसत नाही. आणि मी शोधतही नाही. माझी काळजी बहुतेक केएमटीच्या बसमध्येच विसरते.

पहिल्या वर्षी मात्र दीर त्याला पोहायला विहिरीवर नेतोय म्हटल्यावर पोटात गोळा आला होता. सासूबाई मेथी निवडत म्हणाल्या, "विहीर काय उचलून ठेवता येतीया व्हय? पोरालाच शिकवायचं." पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्याला ढकललं. चार दिवसांत डबा सुटला. इकडं रंकाळ्याच्या कठड्यावर मी त्याला चढूही देत नाही.

पण सासूबाई निर्धास्त आहेत असं समजू नका. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर दिसला की नातवाचा दंड धरून त्याला रस्त्याच्या कडेला ओढतात. उसात चेंडू गेला तर गेला, आत घोणस असते. आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, हे तिथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ. २०१९ चं पाणी बघितलेली माणसं ४३ ची वाट बघत बसत नाहीत.

शिवाय गावात पोरांवर कुणा एकाचं लक्ष नसतं, सगळ्यांचं असतं. आंब्यावर दगड मारला तर पोरगं घरी यायच्या आधी बातमी आलेली असते. मला हे फार आवडायचं. मुलीला बारावं लागेपर्यंत. आता ती उंबऱ्याबाहेर पडली की गल्लीच्या टोकापर्यंत चार जण विचारतात, "पोरगी कुठं निघालंय?" तिच्या पाठीला डबा कुणी बांधलाच नव्हता, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं. राजारामपुरीत ती एकटी सायकलवरून क्लासला जाते, सातला परत येते. कुणी हटकत नाही. गॅलरीतली मी सोडून.

यंदा दिराला फोन करून सांगितलं, दोन डबे लागतील. सासूबाई शेजारीच असाव्यात. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग मागून त्यांचा आवाज आला, "पहाटं ने म्हणावं तिला. गर्दी नसतीया तवा."