क्रूगरमध्ये गाडी थांबवणं

ऑगस्ट. साटारा कॅम्प, संध्याकाळ.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात माणसाला सगळ्यात जास्त फसवतो तो नकाशा. स्कुकुझा कॅम्प ते साटारा 93 किलोमीटर, डांबरी रस्ता, ताशी 50 ची मर्यादा. दोन तासांत पोचू असं वाटतं. प्रत्यक्षात चार तास धरावे लागतात. कच्च्या रस्त्यावर मर्यादा 40 ची आहे, पण प्राणी दिसायला हवे असतील तर 20-25 च्या वर जाण्यात अर्थ नाही. या महिन्यात कॅम्पचं फाटक सकाळी सहाला उघडतं, संध्याकाळी सहाला बंद होतं, उशीर झाला तर दंड. दिवसाला 100 ते 120 किलोमीटर पुरे. त्याहून जास्त आखले की शेवटचा तास घड्याळाकडे बघत पळण्यात जातो, आणि नेमके तेव्हाच सिंह-बिबटे उठून चालू लागलेले असतात.

गाडी चालवणं आपल्याला जड जात नाही. इथेही डावीकडूनच जायचं, स्टिअरिंग उजवीकडे. जड जातं ते थांबणं.

मे ते सप्टेंबर कोरडा काळ. गवत वाळून बसलेलं, पानं झडलेली, लहान पाणथळ जागा आटलेल्या. जनावराला नदीवर किंवा उरलेल्या पाणवठ्यावर यावंच लागतं. लोअर साबी कॅम्पजवळच्या सनसेट डॅमवर इंजिन बंद करून तासभर बसलं तर मगरी, पाणघोडे, बगळे आणि पाण्यावर येणारे कळप एकाच जागी बघायला मिळतात. त्याच तासात गाडी पळवणाऱ्याला धुळीखेरीज फारसं काही मिळत नाही. इंजिन बंद हवंच, नाहीतर त्याच्या थरथरीने लांब लेन्सचे फोटो हलतात. काचेच्या कडेवर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवली की तिपाईची गरज उरत नाही. पहाटेच्या उघड्या जीपमधल्या फेरीसाठी कानटोपी आणि जाड जॅकेट लागतं. आफ्रिका म्हणजे उकाडा हा समज पहिल्या दहा मिनिटांत उतरतो.

नजर झुडपावर ठेवून काही दिसत नाही, झुडपातून पलीकडे बघावं लागतं. अख्खा प्राणी शोधायचा नसतो. हलणारा कान, शेपटीचा गोंडा, आडवी पाठ एवढंच शोधायचं. जंगलातल्या बहुतेक रेषा उभ्या, म्हणून आडवी रेष खटकते. दोन-तीन जिराफ न चरता एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर त्यांच्या नजरेची रेघ धरून पुढे बघावं. गिधाडं खाली न उतरता झाडांवरच बसून असतील तर बहुधा शिकार खाली पडलेली असते आणि मारणारा अजून तिथेच असतो.

हत्तीच्या बाबतीत मात्र हौस नको. डोळ्यामागून स्राव ओघळतोय, मागचे पाय लघवीने ओले आहेत, म्हणजे नर मस्तीत, माजावर आलेला आहे. तो लांब दिसला तेव्हाच मागे फिरावं. कळप रस्ता ओलांडत असताना आई आणि पिल्लू यांच्या मधे गाडी कधीच घालू नये. कान पसरून डोकं झटकणं ही बहुतेकदा ताकीद असते. सोंड आत वळवून, कान मागे दाबून आला तर तो खरा हल्ला. थांबताना मागची वाट मोकळी ठेवायची ती यासाठी. मागे दुसऱ्या गाड्या चिकटल्या असतील तर फोटो राहू द्यावा.

आणि गेंडा दिसला तर जागा कुणाला कळवायची नाही, फोटोतलं लोकेशनही बंद ठेवायचं. शिकाऱ्यांपासून वाचवायला उद्यानानेच इथल्या बऱ्याच गेंड्यांची शिंगं कापली आहेत.