तुम्ही विचारलंत म्हणून : छप्पन्नचे नव्व्याण्णव

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच. कधी सोसायटीतली मुले शाळेच्या प्रकल्पासाठी वही घेऊन येतात, कधी सकाळी फिरताना भेटणारे तरुण शेजारी बोलता बोलता विचारतात, ‘काका, एकाहत्तरचं युद्ध सुरू झालं तेव्हा तुम्ही कुठे होतात? काय वाटलं होतं?’ त्यांना ३ डिसेंबरची संध्याकाळ ऐकायची असते आणि ती मी सांगतोही. पण दर वेळी सांगून झाल्यावर आपण अर्धेच उत्तर दिले असे वाटत राहते. युद्ध सुरू झाल्याचे मला ३ डिसेंबरला कळले नाही. ते त्याआधी तीनचार आठवडे, टपाल कार्यालयाच्या खिडकीवर कळले होते, आणि मी काही फार चाणाक्ष होतो म्हणून नव्हे.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि नाशिकरोडला टपाल खात्यात कारकून होतो. एका बाजूला प्रेस, म्हणजे नोटा आणि तिकिटे छापणारे सरकारी छापखाने, दुसऱ्या बाजूला तोफखाना केंद्र आणि पलीकडे देवळालीची छावणी, अशा वस्तीतले हे काम. पिनकोड अजून यायचा होता. तो १९७२ च्या १५ ऑगस्टला आला. सीमेकडे गेलेल्या जवानाच्या पत्त्यात तर गावाचेही नाव नसे. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ (म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय), एवढ्यावर पत्र बरोबर पोहोचे. जवान नेमका कुठे आहे हे पत्त्यावरून कोणाला कळू नये, हाच त्यामागचा हेतू होता. पण टपाल खात्यातल्या माणसाला इतके ठाऊक असे, की छप्पन्नची थैली दिल्लीच्या वाटेने जाते आणि नव्व्याण्णवची कलकत्त्याच्या.

दर आठवड्याला खिडकीवर पत्र टाकायला येणारी एक बाई होती. सातारकडची, नवरा तोफखान्यात, कडेवर वर्षाचे मूल. तिला लिहितावाचता येई. पण पत्त्याचे इंग्रजी अक्षर चुकेल या भीतीने पत्ता ती माझ्याकडून लिहून घेई, आणि एव्हाना तो मला पाठ झाला होता. दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी सवयीने पत्ता लिहून पाकीट तिच्यासमोर सरकवले, तर ती म्हणाली, ‘भाऊ, ह्यांचा पत्ता बदललाय. छप्पन्न खोडा आन् नव्व्याण्णव करा.’ मी खोडून नवा आकडा घातला. थोडे थांबून तिने विचारले, ‘नव्व्याण्णव म्हंजे कुठं हो?’ मी म्हणालो, ‘लांब आहे. पत्राला दोन दिवस जास्त लागतील.’ हे खोटे नव्हते. पण तिने जे विचारले होते त्याचे उत्तरही नव्हते. त्या महिन्यात छप्पन्नचे नव्व्याण्णव करून घेणारी ती एकटीच नव्हती. नाशिकरोड स्थानकावरून ताडपत्रीने झाकलेल्या तोफांच्या गाड्या भुसावळच्या दिशेने जाताना तर सगळेच पाहत होते, आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नव्हते.

मागची हकिगत वर्तमानपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल आरंभली आणि पूर्व बंगालमधून, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून आणि आजच्या बांगलादेशातून, माणसांचे लोंढे आपल्याकडे येऊ लागले. वर्षअखेरीस सरकारी हिशेबाने ही संख्या एक कोटीच्या घरात गेली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. पावसाळा सरून बंगालची जमीन वाळावी आणि हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद व्हाव्यात, म्हणजे चीनची चिंता कमी होईल, यासाठी सेनापती थांबले होते हे पुढे सर्वांनी वाचले. आम्हाला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. थैल्यांची वजने मात्र दिसत होती.

नंतर ते तिकीट आले. १५ नोव्हेंबरपासून निर्वासितांच्या मदतीसाठी टपालावर पाच पैशांचा कर बसला. कार्ड आणि वर्तमानपत्रे यांना सूट होती. वीस पैशांच्या पाकिटाला मात्र आता आणखी पाच पैशांचे वेगळे तिकीट लावणे सक्तीचे झाले. नवे तिकीट छापायला सवड नव्हती, म्हणून कुटुंबनियोजनाचे पाच पैशांचे जुने लाल तिकीट घेऊन त्यावर आमच्याच नाशिकच्या प्रेसमध्ये ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरे छापली गेली. तीही पुरेनात, तेव्हा देशात अनेक ठिकाणी स्थानिक छापखान्यांत, कुठे रबरी शिक्क्यांनीसुद्धा, ही अक्षरे उमटवण्यात आली. ती वेडीवाकडी तिकिटे जमवणाऱ्यांनी पुढे भिंगाखाली धरून अभ्यासली. माझ्याजवळ त्यातले एक आहे आणि मुले प्रकल्पासाठी आली की मी ते दाखवतो. आईबाप आणि मुले असे आटोपशीर, सुखी कुटुंब, आणि त्याच्या अंगावर काळ्या अक्षरांत घर सुटलेल्या कोटभर माणसांचा उल्लेख. कोणी योजून केले असते तर ते इतके बोचरे झाले नसते.

खिडकीवर या पाच पैशांवरून रोज वाद होत. सरकारचा कर माझ्या खिशात जात असल्यासारखे लोक माझ्याशी भांडत. काहींनी पाकिटे सोडून कार्डे लिहायला सुरुवात केली. ‘आमचं पत्र पंढरपूरला जायचंय, त्यात बंगाल कुठून आला?’ असे एका गृहस्थांनी विचारले होते. त्यांची मला चीड आली होती. आता वाटते, प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. पंढरपूरच्या पत्रात बंगाल आला होता, आणि ज्याला आपण युद्ध सुरू होणे म्हणतो ते कदाचित हेच असते. १ डिसेंबरला निर्वासितांचे चित्र असलेले खास तिकीट निघाले. म्हणजे करालाही तिकीट मिळाले, आणि युद्ध अजून ‘सुरू’ व्हायचेच होते.

तारखांचे हे असे असते. २१ नोव्हेंबरला सीमेपलीकडे पूर्व बंगालमधल्या गरीबपूरला रणगाड्यांची लढाई झाली. दुसऱ्या दिवशी त्याच भागातल्या बोयऱ्याच्या आकाशात आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमाने पाडली आणि त्यांचे दोन वैमानिक पकडले गेले. २३ ला पाकिस्तानने आणीबाणी जाहीर केली. बांगलादेशात सशस्त्र दलांचा दिवस आजही २१ नोव्हेंबरला साजरा होतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र युद्ध ३ डिसेंबरला सुरू होते. मी कोणाला खोटे ठरवत नाही; पुस्तकाला कुठेतरी रेघ मारावीच लागते. १९६५ चेही तसेच आहे : पाकिस्तानी घुसखोर काश्मीरमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला आले, जम्मूकडच्या छांबवर हल्ला १ सप्टेंबरला झाला, आणि आपण लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली ती ६ सप्टेंबरला. यांतली कोणती तारीख खरी मानायची, ते कोण सांगतो यावर ठरते.

आता ३ डिसेंबर. तो शुक्रवार होता. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर आणि इतर विमानतळांवर हल्ले केले. रात्री आग्र्यापर्यंत मजल मारली. इंदिरा गांधी त्या दिवशी कलकत्त्यात होत्या. आमच्या वाड्यात रेडिओ एकट्या घरमालकांकडे होता आणि त्यांच्या ओटीवर रात्री वीसएक माणसे शाली पांघरून बसली होती. मध्यरात्रीनंतर पंतप्रधान रेडिओवर बोलल्या. बांगलादेशातले युद्ध आता भारतावरचे युद्ध झाले आहे, असा त्याचा आशय होता. भाषण संपल्यावर बराच वेळ कोणी उठले नाही. मग मालकीणबाई म्हणाल्या, ‘चहा टाकते,’ आणि सगळे एकदम बोलू लागले. नोटांचा छापखाना इथे, तोफखाना इथे, ओझरला मिग विमानांचा कारखाना. नाशिकचा पत्ता शत्रूला ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? दुसऱ्या दिवशी, रात्रीचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना लावायचा काळा कागद बाजारात मिळेना. आमच्या खिडक्यांना मालकांच्या मुलाच्या जुन्या वह्यांचे पुठ्ठे लागले.

मला काय वाटले, हे मुलांना हवे असते. भीती वाटली, आणि त्याहून जास्त, लाज वाटावी इतके हलके वाटले. जे सगळ्यांना दिसत होते आणि कोणी बोलत नव्हते, ते बोलायला एकदाची मोकळीक मिळाली होती.

शनिवारी ती सातारकडची बाई रांगेत होती. तिने काही विचारले नाही. मी पत्ता लिहिला, वीसचे आणि पाचचे अशी दोन्ही तिकिटे मीच चिकटवली. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा प्रेसच्या दारापुढे पेढे वाटले गेले. ती त्या आठवड्यात आली नाही. आली ती जानेवारीत, पुन्हा नव्व्याण्णवचेच पाकीट घेऊन, आणि मला हायसे वाटले.

मार्चमध्ये आपले सैन्य बांगलादेशातून परतले. एप्रिलच्या एका दुपारी तिने पाकीट पुढे केले आणि म्हणाली, ‘परत छप्पन्न करा.’ मूल आता खाली उभे राहून लाकडी फळीला धरून डोकावत होते. तिने वीस पैसे मोजून ठेवले. मी आणखी पाच मागितले.

‘लढाई संपली की, भाऊ.’

‘कर आहे अजून,’ मी म्हणालो. तो पुढे १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत राहिला.

तिने पदराची गाठ सोडली, पाच पैशांचे चौकोनी नाणे काढले आणि ते फळीवर ठेवण्याऐवजी मुलाच्या हातात देऊन त्याला उचलून खिडकीशी धरले.