रातांब्याचे दिवस

९ मे. ऊन कडक, वारा नाही.
रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या झाडावर आज तीन रंग एकदम दिसतायत: हिरवा, पिवळट-तांबूस आणि गडद लाल. आमसुलांसाठी फक्त लाल काढायचे. पिवळट फळाची साल वाळली की तपकिरी होते, आणि रसात बुडवून कितीही पुटं दिली तरी तिला तो काळपट जांभळा रंग काही येत नाही. फार पिकून मऊ पडलेलं फळ कापताना हातातच फुटतं, म्हणून ते सरबताला. खाली पडून फुटलेल्यांवर दुपारपर्यंत मुंग्या आणि चिलटं चढतात; त्यांच्या फक्त बिया ठेवाव्या. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने काढलेलं फळ अखंड राहतं. फांदी झोडपून काढलं की निम्मा माल सरबताचा होतो.

१० मे.
१० किलो रातांबे धुऊन, पुसून, आडवे कापून झाले. गर आणि बिया बोटाने काढून घेतल्या की साधारण ५ किलो सालीच्या वाट्या राहतात आणि तेवढाच गर-बियांचा ऐवज. त्या गरात दहावा हिस्सा मीठ, म्हणजे अर्धा किलो जाडं मीठ. तासाभरात रस सुटतो. मिठात हात आखडला की दुसऱ्या दिवशी वर फेस येतो आणि ताडीसारखा वास सुटतो. मग तो रस फेकूनच द्यावा लागतो, त्यात आणखी मीठ घालून काही सुधारत नाही.

भांडं स्टीलचं, चिनी मातीचं किंवा जाड प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमचा टोप, कल्हई उडालेलं पितळ आणि लोखंडी पत्रा हे तिन्ही वर्ज्य. कोकमाचं आम्ल धातू खातं आणि चव बिघडते. वाट्या वाळवायला पत्रा बरा दिसतो, लवकर तापतोही, पण त्याच्यावरची आमसुलं काळी पडतात, आणि ते काळेपण चांगलं नव्हे.

११ ते १७ मे.
सगळं काम याच आठवड्याचं. दिवसभर उन्हात वाळवलेल्या वाट्या संध्याकाळी रसात बुडवायच्या, रात्रभर ठेवायच्या, सकाळी रोवळीत निथळून पुन्हा उन्हात. एक बुडवण म्हणजे एक पूट. पाच पुटं दिली तर आमसूल होतं. सात दिली तर ते आमटीत दोनच टाकून भागतं. विकतच्या आमसुलांत कमी पुटं आणि भरपूर मीठ असा प्रकार फार. तळहातावर पांढरी कणी राहिली तर तेच समजावं.

निथळायचा कंटाळा करू नये. वाटीच्या पोटात रस साचून राहिला तर कडा वाळतात आणि मध्ये चिकट डबकं राहतं. बुरशी धरते ती तिथेच. हातरीवर वाट्या आधी पालथ्या, दुपारी उताण्या. प्लास्टिकच्या कागदावर पसरल्या तर खालून घाम सुटतो. बांबूची हातरी किंवा जुनं सुती लुगडं उत्तम. त्या लुगड्याचा डाग मात्र पुन्हा जाणार नाही.

दुसरी चूक म्हणजे घाई. वाट्या नीट सुकण्याआधीच पुन्हा रसात घातल्या तर त्या रस पीत नाहीत, उलट आपलंच पाणी रसात सोडतात. चौथ्या दिवशी रस पातळ झाला असेल तर कारण बहुधा हेच.

१५ मे. मळभ.
असा दिवस आला की वाट्या बाहेर काढूच नयेत. खारट रसात त्या दोन दिवस सुखरूप राहतात. अर्धवट ओल्या वाट्या सुपात पसरून पंख्याखाली ठेवल्या की दुसऱ्या सकाळी पांढरी लव दिसते. ढगाला घाबरून बाहेर काढायच्या आणि मग घरात वास येतो म्हणून कुरकुरायचं, हे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या खळ्यात होतंच.

१८ मे.
आज शेवटचं वाळवण. दुमडलं की न तुटता वाकलं, आणि दाबल्यावर बोटाला ओल लागली नाही, की आमसूल तयार. कडकडून मोडलं तर जास्त वाळलं. उन्हातून आणून गरमच बरणीत भरू नये. रात्रभर घरात निवू द्यावं, नाहीतर बरणीच्या आत घाम धरतो. १० किलो फळाचं किलोच्या आसपास आमसूल हाती लागतं.

उरलेला रस गाळून बाटलीत भरला की झालं आगळ. सोलकढीला हेच घ्यावं, आणि त्यातच मीठ असल्याने वरून चव पाहूनच घालावं. कढी तापवायची नाही, नारळाचं दूध फाटतं.

१९ मे.
सरबताचं गणित साधं: १ किलो सालीला २ किलो साखर. बरणीत थर साखरेचा, थर सालीचा, सर्वांत वर साखर. तोंडाला दादरा बांधून सात-आठ दिवस उन्हात, रोज कोरड्या डावाने ढवळायचं. साखर कमी केली तर ‘कमी गोड’ सरबत होत नाही, आंबतं. फळ धुतल्यावर पुसलं नाही तरीही तेच. पेल्याला एक भाग अर्क, पाच-सहा भाग पाणी, चिमूट मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. बाटली अंधारात ठेवावी. उजेडाने लाल रंग विटतो.

२२ मे.
रोपांची चौकशी सुरू होण्याचे दिवस. बी लावून केलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. म्हणून मादी झाडाचं कलम घ्यावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता आणि कोकण हातीस या दोन जाती आहेत. हातीसचं फळ मोठं. कलमाची काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची आहे का ते विचारावं. आडव्या फांदीची काडी असेल तर झाड वर न जाता झुडपासारखं पसरतं. दहा कलमांमागे एखादा नर हवा. शेजारच्या परड्यात असला तरी चालतो.

२८ मे. रात्री वळवाची सर.
हातऱ्या गुंडाळल्या. आता चुलीजवळच्या बिया. वाळलेल्या बियांत वजनाचा साधारण चौथा हिस्सा तेल असतं, घरी उकळून तेवढं निघत नाही. टरफल फोडून गर कुटायचा, पाण्यात मंद उकळायचा, आणि रात्रभर हलवायचा नाही. सकाळी वर पांढुरकी साय धरलेली असते. ती मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. चारही बोटांचे खळगे गोळ्यावर तसेच राहतात. टाचांच्या भेगांना लावायचं तर पळीत वितळवून, कोमट असतानाच भेगेत भरावं. थंडीत हा गोळा इतका घट्ट होतो की सुरीने खरवडावा लागतो.