जूनचा पट

सोमवार, 16 जून 2025

शाळा आज उघडली. विदर्भातील मुलांना उन्हामुळे आणखी आठवडाभराची सुट्टी आहे. आमच्या देवगड तालुक्यात मात्र यंदा उन्हाळ्याची सुट्टीच पावसात गेली. 25 मे रोजी मोसमी पावसाची सीमारेषा थेट देवगडपर्यंत येऊन पोहोचली, आणि त्याआधीचे दिवसही अवकाळी पावसानेच खाल्ले होते. त्यामुळे कौले परतण्याचे जे काम दरवर्षी मेअखेरीस उरकते ते अर्ध्यावर राहिले, आणि दहावीच्या वर्गात दोन ठिकाणी बादल्या ठेवून पहिला तास घ्यावा लागला. नव्या मुलांच्या स्वागताला गुलाबाची फुले द्यावीत असे दरवर्षी कोणीतरी सुचवते. गुलाब इथे मिळत नाहीत, म्हणून नववीच्या मुलींनी घरच्या जास्वंदी आणल्या होत्या. त्या ओल्या जास्वंदी हातात धरून आठवीची मुले प्रार्थनेला उभी राहिली.

फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागला आहे. तो शाळा चालवणाऱ्या आमच्या संस्थेच्या मुंबईतील मंडळींनी पाठवला. या भागातील अनेक हायस्कुलांप्रमाणे आमच्या संस्थेचेही अध्यक्ष, सचिव आणि बहुतेक विश्वस्त लालबाग-परळपासून विरारपर्यंत विखुरलेले आहेत, आणि वह्यांच्या गठ्ठ्यांपासून फलकापर्यंत बरेच काही तिकडूनच येते. निकालाचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळातून वेगळे होऊन 2012 च्या परीक्षेपासून कोकण विभाग अस्तित्वात आला, आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात तो पहिला क्रमांक सोडत नाही. यंदाही राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला, कोकणाचा 98.82 टक्के. मात्र विद्यार्थिसंख्येने हा राज्यातील सर्वांत लहान विभाग आहे, हे कोणत्याही फलकावर नसते. आमच्या शंभर टक्क्यांत एकवीस मुले होती. आठवीच्या नव्या कॅटलॉगवर, म्हणजे हजेरीपटावर, मी आज नावे चढवली, ती चौदावर संपली आणि निम्म्याहून अधिक पान कोरे राहिले.

मंगळवार, 17 जून

आजचा दिवस दाखले आणि आधार कार्डे जुळवण्यात गेला. जिल्हा परिषदेच्या शाळांतून सातवी उत्तीर्ण होऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव दाखल्यावर, आधारवर आणि ऑनलाइन नोंदीत अक्षरश: सारखे असावे लागते, तसे नसेल तर आधारची पडताळणी होत नाही आणि अपार क्रमांकही (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) तयार होत नाही. एका मुलाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव चंद्रकांत होते आणि आधारवर चंदू. त्याची आजी दाखला घेऊन आली होती. तिने दोन्ही कागद आलटून पालटून पाहिले आणि म्हणाली, "गुरुजी, ह्यो चंदू नि ह्यो चंद्रकांत एकच मां? मगे कागदाक ता कळणा नाय काय?" या प्रश्नाला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. आधार केंद्रावर कोणती कागदपत्रे न्यायची, ते तिला एका चिठ्ठीवर लिहून दिले. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापले जाते ते पुढे आयुष्यभर चिकटते, त्यामुळे ही दुरुस्ती आठवीतच झालेली बरी.

या कारकुनी कामाला कंटाळणारे सहकारी मला ठाऊक आहेत, आणि त्यांचे वैतागणे मला समजते. पण 30 सप्टेंबरच्या पटावर, म्हणजे विद्यार्थिसंख्येवर, संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर होणार ते) ठरते, त्यासाठी आधार पडताळणी झालेली मुलेच हिशेबात धरली जातात, आणि 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने निकष बदलल्यापासून, वर्गांचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचे पदच धोक्यात येते. चंदू आणि चंद्रकांत यांच्यातील फरकामुळे एक मूल कागदावरून गळले, तर त्याची झळ उद्या गणिताच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकाला, आणि पर्यायाने बाकीच्या तेरा मुलांना पोहोचणार आहे. वाडी-वस्तीवरील शाळांना शहरातील शाळांचेच माप लावणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते मी येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

गुरुवार, 19 जून

पुस्तके वाटून झाली. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके शासनाकडून मोफत मिळतात. नववी-दहावीच्या मुलांना ती विकत घ्यावी लागतात, म्हणून वरच्या वर्गातून खाली पुस्तके देण्याची जुनी पद्धत आम्ही चालू ठेवली आहे.

दुपारी यंदा दहावी झालेली चार-पाच मुले कार्यालयात येऊन बसली. अकरावीचा प्रवेश या वर्षापासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, आणि पहिल्या फेरीची यादी अजून लागायची आहे. दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरता येतात, ही सोय पुण्या-मुंबईत उपयोगाची असेल. आमच्या मुलांनी देवगड आणि कणकवली लिहिल्यावर तिसरे काय लिहायचे यावर बराच वेळ खल केला होता. त्यांतील एका मुलाने शेवटी मुंबईत काकांच्या घराजवळचे महाविद्यालय लिहिले. असा मुलगा एकदा मुंबईला गेला की पुढे गणपतीलाच भेटतो.

शुक्रवार, 20 जून

उपस्थिती आठवडाभर उत्तम आहे. जूनमधील उपस्थितीवर विसंबू नये, हे मात्र मी इथल्या कॅटलॉगवरून शिकलो आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, त्यामुळे बंदराकडची मुले या दिवसांत नियमित येतात. जुलैत भाताच्या लावणीला जोर चढला की वरच्या वाड्यांतील मुले तरव्याच्या (रोपांच्या) मुठी पोहोचवायला शेतात उतरतात आणि त्यांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. ती परतेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, नारळी पौर्णिमा येते, आणि मग बंदराकडची मोठी मुले जाळ्यांच्या कामाला लागतात. त्यापाठोपाठ गणपतीची सुट्टी येते. सगळा वर्ग एकत्र बसलेला असा जून आणि त्यानंतर थेट सप्टेंबरच, म्हणून बीजगणितातील अवघड भाग मी पहिल्या पंधरवड्यातच सुरू करतो. वार्षिक नियोजनाच्या छापील तक्त्यात हे बसत नाही.

आज तिसऱ्या तासानंतर पावसाने जोर धरला. पलीकडच्या वाडीतील मुलींना व्हाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) ओलांडून यावे लागते. साकवाच्या मधल्या खांबावर गावातील कोणी तरी पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढून ठेवला आहे. पाणी त्या पट्ट्याला लागले की पलीकडच्यांनी निघायचे, असा आमचा अलिखित नियम आहे. शिपायाने येऊन पाणी पट्ट्यापासून वीतभर खाली असल्याचे सांगितले, तेव्हा त्या पाच मुलींना दप्तरे प्लास्टिकच्या पिशव्यांत घालायला लावून, दोन शिक्षक सोबत देऊन लगेच पाठवले. एसटीने येणाऱ्या मुलांना मात्र संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबावेच लागते, कारण मधल्या वेळेत त्यांच्या वाटेवर दुसरी गाडी नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, ही या भागातील मुलींच्या शिक्षणाला लाभलेली मोठी मदत आहे. तो पास नसता तर आमच्या पटावरील निदान तीन नावे सातवीनंतर घरीच राहिली असती, असे त्यांचे पालकच सांगतात.

शनिवार, 21 जून

योग दिन व्हरांड्यात साजरा केला. जागा अपुरी पडल्याने आठवीच्या मुलांनी आसने वर्गात बाके सरकवून केली.

सकाळी शेजारच्या गावातील शाळेची सातवी उत्तीर्णांची यादी मागवून आमच्या प्रवेशांशी ताडून पाहिली. तीन नावे कुठेच सापडत नाहीत. त्यांपैकी एक कुटुंब मुंबईला गेल्याचे कळले. एक मुलगा तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी माध्यमात गेला आहे; तो त्याच्या पालकांचा निर्णय आहे. तिसरी मुलगी गावातच आहे, धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते, आणि तिचा दाखलाही अजून कोणी नेलेला नाही. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर आमच्या शाळेतील एक शिक्षिका बाई आणि मी तिच्या घरी जाणार आहोत. भावाला जवळच्या अंगणवाडीत घेतील का, ते बाई आधी विचारून ठेवणार आहेत.