बावीस किलोंचा मुलगा, अठरा किलोंचा ड्रम

१० जानेवारी, रात्री

सॅम बर्न्स गेला ती हीच तारीख, साल २०१४. वय १७. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या फॉक्सबरो गावचा मुलगा, लहानपणीच म्हातारपण आणणाऱ्या प्रोजेरिया या आजाराचा. दुसऱ्याच दिवशी गावातल्या स्टेडियमवर न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्यात मानद कप्तान म्हणून त्याला उतरायचं होतं.

२०१३ च्या ऑक्टोबरमधलं त्याचं भाषण अजून फॉरवर्ड होत असतं, बहुतेक वेळा 'सकारात्मक राहा' असं काहीतरी खाली चिकटवून. त्या भाषणातली खरी मोलाची गोष्ट मात्र एका पट्ट्याची आहे. शाळेच्या बँडमध्ये त्याला स्नेअर ड्रम वाजवायचा होता, तोही चालत. स्नेअर म्हणजे आपल्या ताशाचाच लांबचा भाऊ. ड्रम आणि तो अंगावर अडकवायचा सांगाडा मिळून वजन जवळजवळ १८ किलो, आणि सॅम स्वतः जेमतेम २२-२३ किलोंचा. घरच्यांनी एका इंजिनिअरला गाठलं, आणि त्याने जो सरंजाम करून दिला तो भरला पावणेतीन किलो. सॅम मैदानात वाजवत चालला. जिद्द होतीच, पण जिद्दीने वजन उतरत नाही. ते कुणीतरी बसून उतरवावं लागतं.

वजन इतकं का नडतं? कारण तोच प्रोजेरिया. ४० लाख जन्मांमागे साधारण एखाद्या मुलाला होणारा आजार. बाळ जन्मताना चारचौघांसारखंच दिसतं. पहिलं वर्ष सरता सरता वजन अडतं, केस गळतात, कातडी घट्ट होते. सॅमचं निदान झालं तेव्हा तो २२ महिन्यांचा होता. या मुलांच्या कातडीखालची चरबी निघून जाते, म्हणजे पट्टा थेट हाडावर रुततो. गळपट्टीचं हाड बाहेरच्या टोकाकडून झिजत जातं, आणि खांद्यावरच्या ओझ्याला आधार असतो तो त्याचाच. खुब्याची वाटी उथळ, मांडीचं हाड वर जास्त सरळ, त्यामुळे सांधा निखळायची भीती. ज्याने कधी पथकात ढोल कमरेला बांधलाय त्याला भार कुठे कुठे उतरतो ते वेगळं सांगायला नको.

आजाराचं मूळ ऐकायला फारच किरकोळ वाटतं. 'लॅमिन ए' हे प्रथिन पेशीच्या केंद्रकाचं आवरण ताठ ठेवतं. त्याच्या जनुकात एकच अक्षर बदलतं. गंमत म्हणजे त्या बदललेल्या अक्षराने अमिनो आम्ल बदलतच नाही; पण पेशी तिथे चुकीच्या जागी कात्री लावते आणि प्रथिनातली ५० अमिनो आम्लं गळतात. शिंपी आधी कच्चा दोरा घालतो आणि पक्की शिलाई झाली की ओढून काढतो, तसं या प्रथिनाला तयार होताना एक चिकट शेपूट लागतं, जे नंतर छाटायचं असतं. ते जिथे छाटायचं ती जागाच या ५० मध्ये गेलेली. मग प्रथिन आवरणाला चिकटून राहतं आणि केंद्रक वेडंवाकडं होतं. रक्तवाहिन्यांना हे सगळ्यात जड जातं. औषधाविना सरासरी आयुष्य साडेचौदा वर्षं, आणि शेवट बहुतेकदा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने.

सॅमचे आईवडील दोघंही डॉक्टर. त्यांनी आणि मावशीने १९९९ मध्ये प्रोजेरियासाठी संशोधन संस्था काढली, २००३ मध्ये जनुक सापडलं, आणि २००७ मध्ये बॉस्टनला लोनाफार्निबची चाचणी सुरू झाली. औषध मुळात कर्करोगासाठी बनवलेलं. ते चिकट शेपूट लागूच देत नाही. सॅम त्या चाचणीत होता. अमेरिकेत मान्यता मिळाली २० नोव्हेंबर २०२० ला. तोवर तो जाऊन जवळजवळ सात वर्षं झाली होती.

औषध घेणंही सोपं नाही. शरीराच्या पृष्ठभागावरून हिशेब: सुरुवातीचे चार महिने दर चौरस मीटरला ११५ मिलिग्रॅम, मग १५०, दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबरच. उपाशीपोटी नाही. कॅप्सूल गिळता येत नसेल तर पूड संत्र्याच्या रसात कालवतात. ग्रेपफ्रूट मात्र चालत नाही, आणि पपनस त्याच्याच कुळातलं, तेही टाळलेलं बरं. सुरुवातीला उलट्या-जुलाब फार. इथे घरच्यांनी डोळ्यात तेल घालून पाहायचं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की या मुलांत पक्षाघाताचा धोका वाढतो. रक्त पातळ राहावं म्हणून ॲस्पिरिन देतात, किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम. २२ किलोंच्या मुलाला ४४ ते ६६. आपल्याकडची ७५ ची गोळी सरळ दिली तर जास्त होते. आणि कांजिण्या किंवा फ्लू दिसला की ॲस्पिरिनबद्दल डॉक्टरांना लगेच विचारायचं.

दिसायला म्हातारं, म्हणून मनानेही तसंच असेल हा समज कसा जात नाही कोण जाणे. बुद्धी त्या त्या वयाचीच असते. सॅमला पुढे जीवशास्त्र शिकायचं होतं. त्याला कुणी 'आजोबा' म्हणणं जितकं चूक, तितकंच बावीस किलोंचा आहे म्हणून बाळासारखं उचलून घेणंही.

आपल्याकडे २००९ च्या एका हिंदी चित्रपटामुळे या आजाराचं नाव घरोघरी पोचलं. भिवंडीचा एक मुलगाही बॉस्टनच्या औषधापर्यंत पोचला होता. तो २०१६ च्या मे महिन्यात गेला. अशा मुलाच्या शाळेला काय करता येईल, तर फार काही नाही: पाय लटकू नयेत म्हणून बाकाखाली पाट, मऊ तळव्याचे बूट वर्गातही घालायची परवानगी, दर दोन तासांनी चार घास खायची मुभा, उन्हात टोपी. आणि दप्तर. बालभारतीच्या पुस्तकांचे दोन संच घ्यायचे, एक वर्गातल्या कपाटात, एक घरी. पाठीवर फक्त डबा आणि पाण्याची बाटली.